हृदयविकाराचे मूळ पाळण्यात?

झाशी म्हणजे राणी लक्ष्मीबाईंचा किल्ला, तसेच रेल्वेचे मोठे जंक्शन. नेवाळकरांच्या काळापासून इथे मराठी घरे आहेत, आणि आज शहरातील कितीतरी चुली रेल्वेच्या पगारावर पेटतात. अशा घरातल्या कर्त्या पुरुषाच्या छातीत कळ आली, की सारे म्हणतात, ‘तंबाखूने आणि तळलेल्या खाण्याने घात केला!’ ते खरेच. पण तेवढेच खरे नाही.

इंग्लंडचे डॉ. डेव्हिड बार्कर यांनी १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या हजारो पुरुषांच्या नोंदी तपासल्या. जन्मताना आणि वर्षाचे होताना ज्यांचे वजन कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक आढळले. हा निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाला. १९९६ साली म्हैसूरच्या पाहणीतही तेच दिसले: जन्मवजन अडीच किलो किंवा त्याहून कमी असलेल्यांत हृदयविकाराचे प्रमाण ११ टक्के, तर ३.१ किलो किंवा अधिक असलेल्यांत ३ टक्के.

असे का? पोटात अन्न कमी पडले, की गर्भ आधी मेंदूची सोय पाहतो. मूत्रपिंड, स्वादुपिंड मागे राहतात. पुढे खाणे वाढले, की अशा शरीराला ते झेपत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले, की आपली बाळे वजनाने हलकी असली तरी त्यांच्या अंगात चरबी त्या मानाने जास्त असते.

त्यात नोकरीचा ताण. लंडनच्या सरकारी नोकरांच्या पाहणीत सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांत हृदयविकाराने होणारे मृत्यू वरिष्ठांच्या सुमारे तिप्पट होते. केवळ धूम्रपान वा रक्तदाबाने हा फरक उलगडत नव्हता. पुढच्या पाहणीत एक मोठे कारण सापडले: आपल्या कामावर आपलीच सत्ता नसणे.

बुंदेलखंडात या शतकाच्या पहिल्या दशकात वारंवार दुष्काळ पडला. तेव्हा जन्मलेली मुले आज नोकरीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांचे जन्मवजन आता बदलता येणार नाही. पण वेळेवर रक्तदाब आणि साखर तपासणे, तंबाखू सोडणे, पोटाचा घेर आवरणे त्यांच्या हाती आहे. ड्यूटीचे तास आणि विश्रांती ठरवणे मात्र साहेबांच्या हाती.

आणि घरातल्यांच्या हाती? सर्वांची पाने वाढून झाल्यावर उरेल ते खाणारी गरोदर सून. देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रिया रक्तक्षयाने ग्रासलेल्या आहेत, असे २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत आढळले. तिचे पान आधी वाढा. नातवाच्या हृदयाची काळजी तिथूनच सुरू होते.