बियाण्यात दडलेला विषाणू

रोगट पान डोळ्यांना दिसते, रोगट बी मात्र अनेकदा निरोगी बियांसारखेच दिसते. कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यातील लेट्यूस उत्पादकांना याचा मोठा फटका बसला. बियांतून आलेली मोजकी रोगट रोपे आणि त्यांच्यावरून उडणारा मावा, एवढ्यावरच मोझॅक हा विषाणूजन्य रोग शेतभर पसरतो. म्हणून तिथे कडक निकष ठरला: तपासलेल्या ३०,००० बियांत एकही बाधित बी नको.

इतक्या बिया तपासायला ‘एलायझा’ ही प्रतिपिंडांवर आधारलेली चाचणी कामी येते. क्लार्क आणि अ‍ॅडम्स यांनी १९७७ मध्ये वनस्पतींच्या विषाणूंसाठी तिची पद्धत मांडली. सशाला शुद्ध केलेला विषाणू टोचला की त्याच्या रक्तात त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. ती ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत बसवतात. त्यात बियांचा अर्क घातला की कुलपात किल्ली बसावी तसा विषाणू त्यांना चिकटतो. बाकीचे धुऊन टाकतात. मग विकर जोडलेली प्रतिपिंडे आणि शेवटी एक रसायन घालतात. विषाणू असेल तर खळगा पिवळा होतो.

चाचणीसाठी दर वेळी अख्खे बी खर्ची पडत नाही: भुईमुगाच्या दाण्याचा अंकुरापासून दूरचा छोटा तुकडा पुरतो. उरलेला दाणा पेरता येतो.

एलायझा विषाणूचे प्रथिन ओळखते, तो संसर्गक्षम आहे का हे सांगत नाही. त्यासाठी बी रुजवून रोपे तपासावी लागतात. तरीही ही तपासणी मोलाची आहे, कारण विषाणू शिरलेले झाड बरे करणारी फवारणी शेतकऱ्याच्या हाती नाही. बचाव पेरणीआधीच व्हायला हवा.