वीस दात्यांची फ्री आणि निजामुद्दीनचा पूल

मयूर विहारहून मंडी हाऊसला मी सायकलनं कामाला जाते हे कळलं, की मिरजेकडचे नातेवाईक हवेचं विचारतात आणि दिल्लीतले ओळखीचे लोक किमतीचं. या दिल्लीकरांच्या डोळ्यांपुढे रविवारी पहाटे इंडिया गेटला दिसते ती सायकल असते: गिअरची, डिस्क ब्रेकची, अ‍ॅल्युमिनियमची. माझी झंडेवालानच्या सायकल बाजारातून घेतलेली साधी लेडीज सायकल आहे. वाकलेली दांडी, पुढे टोपली, मागे कॅरिअर, चेनला पूर्ण कव्हर. एवढं ऐकलं की समोरचा ‘अच्छा’ म्हणतो आणि मेट्रोच्या गर्दीवर बोलायला लागतो.

हवेचं पुढे सांगते. आधी सायकलींचं.

सकाळी आठच्या सुमाराला निजामुद्दीन पुलावर थोडा वेळ थांबा. त्रिलोकपुरी, कल्याणपुरी, कोंडली, पलीकडे गाझियाबादच्या हद्दीतलं खोडा, इथून माणसं यमुना ओलांडून शहरात येत असतात. रंगारी, सुतार, वायरमन, रात्रपाळी संपवून उलट दिशेनं घरी निघालेले वॉचमन. दक्षिणेला कालिंदी कुंजच्या बंधाऱ्यावर हेच दृश्य, फक्त तिथली माणसं नोएडा आणि ओखल्याच्या कारखान्यांतली. गुडगावच्या उद्योग विहारातही तेच. राजधानीत सायकलवरून कामाला जाणाऱ्यांची गर्दी म्हणतात ती ही. त्यांच्याकडे हेल्मेट नसतं, किलोमीटर मोजणारं यंत्र नसतं, आणि आपण पर्यावरणाचं भलं करतोय असं त्यांच्या मनातही येत नाही. बसला पैसे आणि वेळ दोन्ही जातात, एवढा साधा हिशेब असतो.

२०११च्या जनगणनेत दिल्लीतल्या सुमारे एकतीस टक्के घरांत सायकल होती. मोटार होती सुमारे एकवीस टक्के घरांत. रस्त्याकडे बघून कुणाला हे खरं वाटणार नाही. अर्थात त्याआधीच्या दहा वर्षांत सायकलवाली घरं कमीच झाली होती, आणि त्यानंतरची जनगणना लांबली ती लांबलीच.

पुलावरून जाणारी बहुतेक सायकल एकाच घाटाची असते. काळी, अठ्ठावीस इंची चाकांची, दांडीच्या ब्रेकची, स्प्रिंगच्या सीटची, वजनाला वीस किलोच्या आसपास. मूळ घडण इंग्लंडची. आपल्याकडे सेन-रॅले, वरळीची हिंद, मग लुधियानाची हिरो आणि एव्हन, हरियाणातल्या सोनीपतची अ‍ॅटलस, या सगळ्यांनी तीच पुढे चालवली. हिंद आणि सेन-रॅले बुडाल्या तेव्हा १९८० साली सरकारनं कायदा करून त्या ताब्यात घेतल्या होत्या. अ‍ॅटलस १९५१ साली सुरू झाली आणि तिचा शेवटचा चालू कारखाना दिल्लीला लागून, साहिबाबादला होता. तो बंद पडला ३ जून २०२० रोजी. ३ जून हा जागतिक सायकल दिन. एवढा अचूक मुहूर्त ठरवूनही साधला नसता.

आता या सायकलीत लोक काय काय बदलतात ते बघण्यासारखं आहे. भैरों मार्गाच्या सिग्नलला माझ्या शेजारी बरेचदा एक रंगारी येऊन थांबतो. त्याच्या सायकलीच्या त्रिकोणात, म्हणजे सीट, हँडल आणि पायडल यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, तरटाची एक पिशवी बेतून शिवलेली आहे. तीत पट्टी, पॉलिश पेपर, ब्रश. रोलरचा लांब दांडा आडव्या नळीला दोन ठिकाणी बांधलेला. बांधायला जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या. दोरी सैल पडते, ट्यूब ताण धरून राहते, फुकटही मिळते. मागच्या कॅरिअरवर रंगाचे रिकामे डबे एकात एक. पुढच्या चिमट्याला दोन्ही बाजूंनी जादा लोखंडी सळ्या लावलेल्या, कारण येताना डबे भरलेले असतात आणि भरल्या वजनानं खड्ड्यात चिमटा वाकतो. मागच्या मडगार्डवर जुनी सीडी चिकटवलेली. तिच्यावर मागच्या गाडीचा दिवा पडला की ती चमकते. हल्ली नव्या सायकलींना रिफ्लेक्टर लावूनच द्यावे लागतात, पण या माणसाची सायकल त्या नियमाहून जुनी आहे आणि सीडीचं काम चोख चाललं आहे.

वॉचमनच्या सायकलींचा थाट वेगळा. नळ्यांना रंगीत प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळलेली, म्हणजे रंग उडत नाही आणि विकताना दोन पैसे जास्त येतात. हबभोवती रंगीत ब्रशाचं कडं. चाक फिरतं तसं ते हब पुसत राहतं. डबा हँडलला नाही, कॅरिअरला. हँडलला लटकवलेला डबा वळताना झोका घेतो आणि सायकल भलतीकडे ओढतो, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

माझ्या सायकलीतला सगळ्यात मोठा बदल बाहेरून दिसतच नाही. आपल्याकडच्या साध्या सायकलीला पुढे बहुधा चव्वेचाळीस दाते असतात आणि मागच्या फ्रीव्हीलला अठरा. पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. माझ्या सव्वीस इंची चाकाच्या हिशेबानं एका फेऱ्यात पाच मीटर. सपाट रस्त्यावर हे छान. पण उड्डाणपुलाच्या चढावर, टोपलीत पुस्तकं आणि समोरून वारा असेल, तर गुडघे बोलायला लागतात. गिअरची सायकल घ्यावी का, असं मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिंपळाखाली बसणाऱ्या मिस्त्रींना विचारलं. दरभंग्याकडचे, साठीचे गृहस्थ. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही. त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, “गियर-वियर छोड़िए दीदी. पीछे बीस दाँत की फ्री डलवा लीजिए.”

मग मागचं चाक काढलं, फ्रीच्या खाचेत पाना बसवला आणि पाना वाइसमध्ये धरून चाकच गोल फिरवलं. फ्री हबवर आट्यांनी बसलेली असते आणि रोजच्या पायडलनं घट्ट होत जाते, म्हणून सुटताना ती मोठा कटकन आवाज करते. नवी वीस दात्यांची फ्री हातानंच फिरवून बसवली. मला वाटलं आता चेनला कडी जोडावी लागणार. नाही लागली. दोन दाते वाढले की आस पाव इंच पुढे आणली तरी भागतं, आणि साध्या सायकलीच्या मागच्या खाचेत तेवढी जागा असते. आता एका फेऱ्यात पाचाऐवजी साडेचार मीटर जाते. पोचायला दोन-चार मिनिटं जास्त लागतात, गुडघ्यांची तक्रार नाही. सायकलवाल्या प्रत्येक नवख्याला मी हे सांगते: गिअरचे हजारो रुपये घालवायच्या आधी एक फ्री बदलून बघा.

बाकीचे बदल किरकोळ. स्कूटरचा आरसा हँडलच्या उजव्या टोकाला. दिल्लीत आरशाशिवाय सायकल चालवणारा एकतर फार शूर किंवा फार नवा. चेनचं कव्हर मात्र मी मुद्दाम पूर्ण ठेवलं आणि मागच्या चाकाची जाळीही. तरुण मुली सायकल दिसायला हलकी व्हावी म्हणून जाळी काढून टाकतात, आणि मग ओढणी तारांत जाते. ओढणी तारांत गेली की फाटून सुटत नाही, ती गळ्याला ओढते. जाळी नसलेल्या सायकलवर ओढणी घेऊन बसू नये, यात चर्चेला जागा नाही.

बायका या रस्त्यावर दिसतातच किती? मिरजेत आम्ही तासाच्या भाड्यानं सायकल आणून शिकलो, शाळेत मुलींच्या सायकलींची वेगळी रांग होती. पुण्यात तर एकेकाळी आजीपासून नातीपर्यंत सगळ्या सायकलवर. निजामुद्दीन पुलावर दहा पुरुषांमागे एक बाईही मला मोजता येत नाही. कारण विचारलं की घरकामाला जाणाऱ्या बायका रस्त्याचं नाव घेत नाहीत, लोकांचं घेतात. बाजूनं हळू होणाऱ्या गाडीची भीती अपघाताच्या भीतीहून मोठी आहे. त्यावर वीस दात्यांची फ्री चालत नाही.

रस्त्याचं सांगायचं तर माझ्या वाटेवर नाव घेण्यासारखा सायकल मार्ग आहे. दिल्ली-मेरठ द्रुतगती मार्गाचा निजामुद्दीन पूल ते उत्तर प्रदेश सीमा हा टप्पा २०१८च्या मे महिन्यात खुला झाला. त्याच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटरची सायकलची पट्टी आहे. कागदावर उत्तम. चालवताना कळतं, की पट्टी जिथे तुटते तिथेच गाड्या आत-बाहेर करतात, आणि सिग्नल लाल असेल तेव्हा मोटारसायकलवाल्यांना ती आपलीच वाटते. तरी मी तिला नावं ठेवणार नाही. नसण्यापेक्षा ती फार बरी. याआधी आंबेडकर नगर ते मूलचंद असा ५.८ किलोमीटरचा बीआरटी मार्ग २००८ साली झाला होता. दिल्ली आयआयटीतल्या वाहतूक अभ्यासकांनी बसला मधली पट्टी दिली आणि सायकलला वेगळी. मोटारवाल्यांना बसची पट्टी खुपली, भांडण वर्षानुवर्षं चाललं आणि २०१६ साली सगळंच उखडलं गेलं. भांडण बसवरून झालं, सायकलची पट्टी त्यात विनाकारण गेली. माझ्या मते दिल्लीनं आपल्या रस्त्यांबाबत केलेली ती सगळ्यात आळशी गोष्ट होती.

आता हवा. सायकल चालवताना आपण बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट हवा आत घेतो, त्यामुळे धूळही तितकी जास्त. दिवाळीनंतर हवेचा निर्देशांक तीनशेच्या वर गेला की मी सायकल घरी ठेवते आणि ब्लू लाइननं जाते. मयूर विहारहून मंडी हाऊसला थेट गाडी आहे. बाकी दिवसांत एन-९५ मास्क. तो कण अडवतो, वायू नाही. पण मी मेट्रोत बसते तेव्हा तो रंगारी कुठे असतो? हवा फार बिघडली की निर्बंधांचा तिसरा टप्पा लागतो आणि बांधकामं थांबतात. म्हणजे त्याला विषारी हवेत सायकल चालवावी लागत नाही, कारण त्या दिवशी काम आणि मजुरी दोन्ही नसते.

नवी सायकल घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे, तेव्हा दुकानदाराकडे पक्कं बिल मागा. पावसाळ्यात चालवणार असाल तर दांडीच्या ब्रेकवर विसंबू नका. त्याचं रबर पोलादी रिमवर आतून दाबलं जातं आणि ओल्या पोलादावर घसरतं. ब्रेक लागायला बरंच अंतर जातं. मोटर लावायचा मोह झाला तर २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटर ही मर्यादा लक्षात ठेवा. तिच्या आत असलेल्या गाडीला नोंदणी लागत नाही. दिल्ली सरकारनं २०२२ साली पहिल्या दहा हजार ई-सायकलींना साडेपाच हजारांपर्यंत अनुदान जाहीर केलं होतं. पिंपळाखालच्या चाचांकडे मात्र अशी सायकल क्वचितच येते; आलीच तर ते फक्त पंक्चर काढतात आणि वायरींना हात लावत नाहीत.

सगळ्यात मोठी अडचण रस्ता संपल्यावर सुरू होते. मी काम करते त्या इमारतीत मोटारींना पट्टे आखलेले आहेत, स्कूटरना छप्पर आहे. सायकल बाहेर झाडाला बांधा, असं मला पहिल्या दिवशी सांगण्यात आलं. इमारतीत चहा देणारा, सफाई करणारा, लिफ्टवर बसणारा, सगळे सायकलवर येतात आणि सगळ्यांच्या सायकली उन्हापावसात बाहेर. आम्ही मिळून एक अर्ज दिला. मागितलं काय, तर जमिनीत रोवलेला एक लोखंडी पाइप आणि वर पत्रा. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली आरामात मावतात. चार महिन्यांनी पाइप आला, पत्रा अजून यायचा आहे.

तुम्ही दिल्लीत असा, ठाण्यात किंवा नाशकात, तुमच्या ऑफिसच्या किंवा सोसायटीच्या आवारात सायकलला जागा आहे का ते एकदा बघा. नसेल तर अर्ज लिहा, आणि त्यावर वॉचमनची, मावशींचीही सही घ्या. जागा मुख्य दाराजवळच मागा; तळघराच्या कोपऱ्यात दिलेली जागा वर्षाच्या आत भंगारानं भरते.