कंट्रोल फाइल गेली? डेटा अजून आहे!

सुरतेतल्या कतारगाममधल्या हिऱ्यांच्या कारखान्यांत कच्च्या मालापासून पॉलिशपर्यंतचा हिशेब आज संगणकावर असतो. ज्यांचा डेटाबेस ओरॅकलवर आहे, त्यांच्यासाठी हे खास.

कंट्रोल फाइल आकाराने लहान, पण डेटाफाइल आणि रीडू लॉग कुठे आहेत, शेवटचा चेकपॉइंट कुठला, हे सगळं तिच्यात नोंदलेलं असतं. ती नसेल तर डेटाबेस माउंटच होत नाही. ओआरए-००२०५ ही एरर दिसते आणि भलेभले घाबरतात. घाबरू नका. डेटाफाइल जागच्या जागी असतात.

कंट्रोल फाइलची एखादी प्रत शिल्लक असेल तर काम मिनिटांचं: डेटाबेस बंद करा, चांगली प्रत हरवलेल्या प्रतीच्या जागी कॉपी करा, पुन्हा सुरू करा. म्हणूनच प्रती वेगवेगळ्या डिस्कवर हव्यात. एकाच डिस्कवरच्या तीन प्रतींना मी एकच मानतो!

सगळ्याच गेल्या तर आरमॅन, म्हणजे ओरॅकलचं बॅकअप-रिकव्हरीचं साधन: नोमाउंटमध्ये सुरू करून ऑटोबॅकअपमधून कंट्रोल फाइल परत आणा, माउंट, रिकव्हर, मग रीसेटलॉग्जने ओपन. यासाठी डीबीआयडी (डेटाबेसचा ओळखक्रमांक) लागू शकतो. आजच कागदावर लिहून ठेवा.

बॅकअपही नसेल तर क्रिएट कंट्रोलफाइल. 'बॅकअप कंट्रोलफाइल टू ट्रेस' आधी चालवलेलं असेल, तर ही स्क्रिप्ट तयार मिळते. ऑनलाइन रीडू लॉग शाबूत असतील तर रीसेटलॉग्जचीही गरज नाही. नंतर टेंपफाइल पुन्हा जोडा आणि लगेच पूर्ण बॅकअप घ्या.

आणि बॅकअपची एक प्रत शहराबाहेर ठेवा. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता.