विजेचा इतिहास कोणी लिहावयाचा?

मुंबईच्या बहुतेक कापडगिरण्यांचे भोंगे थंडावून कित्येक वर्षे लोटली. परंतु ज्या विजेवर त्या चालत, ती निर्माण करणारे मावळातील तलाव मात्र आजही भरलेले आहेत. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि मुळशीच्या पाण्यावर चालणारे भिऱ्याचे १९२७ मध्ये. पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात जाणारे पाणी सह्याद्रीच्या माथ्यावर अडवावयाचे आणि घाटाखाली पश्चिमेस सोडावयाचे, ही ती योजना. एका शतकानंतर भीमेकाठचे अवर्षणग्रस्त तालुके हेच पाणी परत मागत आहेत. अशा वेळी या पाण्याचा हक्क कोणी, कोणास व कोणत्या अटींवर दिला, हा केवळ पांडित्याचा प्रश्न राहत नाही. त्याचे उत्तर शोधण्याचे काम मात्र विद्यापीठातील एखाद्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यावर येऊन पडते, आणि त्याची अवस्था स्पृहणीय आहे असे म्हणवत नाही.

पर्यावरणाचा इतिहास आणि ऊर्जेचे राजकारण हा त्याचा विषय. पण त्याला हक्काचे घर नाही. इतिहास विभागाला तो अभियांत्रिकीचा वाटतो, अभियंत्यांना राजकारणाचा. आणि राज्यशास्त्राचे अध्यापक निवडणुकांत गुंतलेले असतात. माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांच्या ग्रंथांनी वनांच्या इतिहासाला प्रतिष्ठा मिळवून दिली. विजेच्या वाट्याला तेवढे भाग्य अद्याप आलेले नाही.

मुळशीचेच उदाहरण घ्यावे. १९२१ च्या एप्रिलमध्ये तेथे सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापट यांच्या नावाशी तो कायमचा जोडला गेला. महाराष्ट्राने त्याचे स्मरण शौर्यगाथा म्हणूनच ठेवले. राजेंद्र व्होरा यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात दाखवून दिले की, ज्या जमिनी बुडणार होत्या त्यांपैकी कितीतरी सावकारांच्या ताब्यात होत्या, आणि सावकाराचा व कसणाऱ्या मावळ्याचा स्वार्थ एक नव्हता. नुकसानभरपाईचा प्रश्न पुढे येताच ही फट उघडी पडली. असे निष्कर्ष हाती येण्यासाठी दफ्तरात वर्षे घालवावी लागतात. वरिष्ठ अधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार इंग्रजीत, तर गावपातळीवरचे जुने कागद मोडीत. म्हणजे अभ्यासकाने आधी मोडी शिकावयाची. पुण्याच्या पेशवे दफ्तरात किंवा मुंबईच्या पुराभिलेखागारात दिवसभर बसून संध्याकाळी हाती काय लागते? बहुधा एकर, आणे आणि रुपये. ज्याचे घर पाण्याखाली गेले त्याचा आवाज त्या रकान्यांत क्वचितच उमटतो. शिवाय उद्योगसमूहाजवळ पुण्यात सुसज्ज अभिलेखागार आहे, धरणग्रस्तांजवळ तसे काही नाही. ही विषमता निष्कर्षांतही नकळत उतरते.

मुळशीचे साक्षीदार आता उरलेले नाहीत. कोयनेचे आहेत, पण थोडे. धरण १९६४ मध्ये पुरे झाले, ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात सुमारे १८० माणसे दगावली. विस्थापितांपैकी जे त्या वेळी कर्ते होते ते आज नव्वदीच्या घरात असतील. त्यांच्या तोंडून ऐकावयाचे तर प्रत्येक पावसाळ्यागणिक उशीर होत आहे.

आणि नेमका वेळच अभ्यासकाजवळ नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.ला साधारणतः सहा वर्षांची मुदत घातली आहे. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये झाली हे खरे, पण ती मिळणारे भाग्यवान थोडे आणि तीही पाच वर्षांनी संपते. उरलेल्यांनी तासिका तत्त्वावर शिकवावे, सुटीत गावोगाव फिरावे आणि प्रवासखर्च स्वतःच सोसावा, अशी रीत पडून गेली आहे. मार्गदर्शकाचा सल्लाही मग ठरलेला असतो: विषय लहान करा. विषय लहान करता करता नदी गळते आणि केवळ कंपनी उरते.

अलीकडच्या काळाकडे वळावे तर अडचण निराळी. दाभोळ प्रकल्पाचा प्राथमिक करार १९९२ चा. वीजखरेदीचा मूळ करार मात्र दीर्घकाळ गोपनीय ठेवण्यात आला होता. १९९५ मध्ये प्रकल्प रद्द झाला, फेरवाटाघाटींनंतर पुन्हा उभा राहिला आणि २००१ मध्ये बंद पडला, त्याच वर्षी माधव गोडबोले समितीच्या चौकशीतून अनेक गोष्टी उजेडात आल्या. ज्याची किंमत जनतेने मोजली तो व्यवहार जनतेला व्यवहार संपल्यावर कळावा, ही काही लोकशाहीला भूषणावह गोष्ट नव्हे. माहितीचा अधिकार २००५ मध्ये आला. अर्जाचे उत्तर येईल, पण ‘व्यापारी गोपनीयता’ हा शब्द त्या उत्तरात आढळेल, हे अभ्यासक आता धरूनच चालतो.

आज सह्याद्रीत पुन्हा मोजणी सुरू झाली आहे. सूर्याची व वाऱ्याची वीज साठविण्यासाठी उदंचन जलविद्युत प्रकल्प हवेत, म्हणून राज्य शासनाने २०२३ मध्ये धोरण जाहीर केले आणि मोठ्या कंपन्यांशी करार केले. वरचा तलाव, खालचा तलाव आणि मधला कडा, असे या प्रकल्पांचे स्वरूप आहे. घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प तसाच चालतो. कोळशापेक्षा ही वीज स्वच्छ, यात शंका नाही. परंतु तलावांना जागा लागते, आणि घाटमाथ्यावर १९२१ मध्ये जे विचारले गेले तेच तेथील ग्रामसभांत विचारले जाईल: जमीन कोणाच्या नावावर, कसते कोण आणि पैसे कोणाच्या हाती पडणार? उत्तर देणारा कागद असेलच तर तो कुठल्यातरी दफ्तरात मोडीत पडलेला आहे, आणि तो वाचू शकणाऱ्याची छात्रवृत्ती बहुधा पुढच्या मार्चला संपत आहे.