संमतीचा अंगठा

२०२० च्या टाळेबंदीत रुग्णालयात जाऊन माणसांना भेटणे बंद झाले आणि पुष्कळसे वैद्यकीय संशोधन फोनवर आणि इंटरनेटवर आले. एचआयव्ही आणि दारू या विषयावरील अशाच एका अभ्यासाची प्रश्नावली मराठीत आणण्याचे व तिच्या आधारे मुलाखती घेण्याचे काम मी त्यानंतर काही काळ केले. टाळेबंदी उठली, पद्धत मात्र राहिली. ती कशी चालते हे आपल्या लोकांना कळावे असे मला वाटते. सरकारी केंद्रांच्या रांगेत उभ्या असणाऱ्यांत आपली माणसे आहेत. प्रश्न तयार करणाऱ्यांच्या टेबलाशी ती मला क्वचितच दिसली.

विषय क्षुल्लक नाही. १ एप्रिल २००४ पासून आपल्या देशात एचआयव्हीवरील औषधे सरकारी केंद्रांतून मोफत मिळू लागली. ती नेमाने घेतली तर रक्तातील विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका घटतो, आणि तो तसा राहिला तर त्या माणसापासून लैंगिक संबंधातून लागण होत नाही. अट एकच, गोळी चुकता कामा नये. इथे दारू आड येते. ती केवळ नशेमुळे येत नाही. गोळी आणि दारू पोटात एकत्र आली की विष होते, असा समज आहे. म्हणून माणूस प्यायच्या दिवशी गोळी जाणूनबुजून टाळतो. रोज पिणारा रोज टाळतो. ‘प्यालास तरी गोळी घे’ असे सांगणारा त्याला भेटत नाही. ‘आधी दारू सोड, मग ये’ असे खडसावणारे मात्र भेटतात. मग तो ‘सोडली’ म्हणून सांगतो, आणि संशोधक लिहितात की हे लोक खोटे बोलतात.

पण सगळीच चूक खोटेपणाची नसते. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी जगभर वापरली जाते. तिच्यात ‘एक ड्रिंक’ म्हणजे दहा ग्रॅम शुद्ध मद्यार्क. आमच्या वस्तीत ‘ड्रिंक’ कोणी पीत नाही. क्वार्टर पितात, नाइन्टी मारतात, हातभट्टीचा ग्लास घेतात. विदेशी म्हणवणाऱ्या दारूची १८० मिलिलिटरची क्वार्टर घ्या. तिच्यात मद्यार्क ४२.८ टक्के, वजनात सुमारे ६१ ग्रॅम, म्हणजे सहा ड्रिंक. रोज एक क्वार्टर पिणाऱ्याला ‘किती?’ म्हटले की तो ‘एक’ म्हणतो, आणि प्रामाणिकपणे म्हणतो. पडद्यावर तो ‘१ किंवा २’ वर बोट ठेवतो. ‘एका बैठकीत सहा किंवा अधिक?’ याला उत्तर देतो, ‘कधीच नाही’. पहिल्या तीन प्रश्नांत त्याला बारापैकी चार गुण मिळतात. हिशेब नीट केला तर दहा व्हायला हवेत. हातभट्टीला तर मापच नाही. मी फोनवर ‘ग्लास केवढा, भाऊ?’ असे विचारू शकतो. पडदा विचारत नाही. बाटल्यांची आणि ग्लासांची चित्रे त्यात घालावीत यासाठी मला बरेच भांडावे लागले.

खरे काढण्याचा दुसरा मार्ग रक्ताचा. ‘पेथ’ नावाचा एक पदार्थ शरीरात दारू गेली तरच रक्तात तयार होतो आणि दोन ते चार आठवडे सापडतो. बोट टोचून थेंब खास कागदावर वाळवला की तो टपालानेही पाठवता येतो. युक्ती सुंदर आहे. पण दहा बाय दहाच्या खोलीत सुई असलेले पाकीट येते, तेव्हा ते आधी कोण उघडतो?

२०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संशोधनासाठी माहितीपूर्ण संमती हवी, आणि लागण झाल्याची गोष्ट तिसऱ्याला कळता कामा नये, असे तो सांगतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे म्हणतात, वाचता न येणाऱ्याच्या संमतीला निःपक्ष साक्षीदार हवा. दोन्ही गोष्टी योग्य आहेत. पण घरी फोन धरून बसलेल्या निरक्षर बाईने साक्षीदार कोणाला करायचे? शेजारणीला? साक्षीदार आला की गुपित गेले. मग मुलगा फोन हातात घेतो आणि ‘मला मान्य आहे’ वर अंगठा टेकवतो. सावकाराच्या कागदावर आमच्या आजोबांनी उठवलेला अंगठा निदान त्यांचा स्वतःचा तरी होता. २००९-१० मध्ये त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीच्या अभ्यासात आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर वसतिगृहांच्या वॉर्डनांनी सह्या केल्या होत्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कोरडे ओढले. तेव्हा कागद तरी होता, म्हणून कोणाची सही ते कळले.

शिवाय पडद्यापर्यंत पोचतो कोण? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इंटरनेट कधी तरी वापरलेले पुरुष ५७.१ टक्के होते, स्त्रिया ३३.३ टक्के. नुसत्या ऑनलाइन जाहिरातीतून माणसे गोळा केली तर अभ्यास कोणाचा होईल, हे वेगळे सांगायला नको.

तरीही ही पद्धत बंद करा, असे मी म्हणणार नाही. रोजंदारी बुडत नाही, एसटीचे भाडे लागत नाही, केंद्राबाहेर ओळखीचे कोणी पाहत नाही. तोंडावर न बोलणारी माणसेही यंत्रापुढे अधिक मोकळी होतात. मी ऐकलेल्या कित्येक गोष्टी मला समोरासमोर कोणी सांगितल्या नसत्या.

एका ताईंशी बोलत होतो. गोळ्या चुकतात का, हा प्रश्न चालू होता. मध्येच त्यांचा आवाज बदलला: “हां भाऊ, रेशनकार्डाचं काम झालं, नाव चढलं.” खोलीत कोणी तरी आले होते. पुढे आम्ही ठरवूनच टाकले, ‘रेशन’ म्हटले की मी फोन ठेवायचा. प्रश्नावलीत असे काही नव्हते. नंतर ते सगळ्याच मुलाखतींना लावून घेतले. शेवटच्या फोनला त्यांनी विचारले, “हे माझं बोललेलं कुठं ठिवणार?” नाव एकीकडे आणि उत्तरे दुसरीकडे, दोन्ही कुलपे वेगळी, असे मी सांगितले. “आन मला नंतर नको वाटलं तर?” उत्तरे काढून टाकायला ज्या क्रमांकावर सांगायचे तो मी दिला. त्यांनी तो लिहून घेतला नाही. कागद घरात कोणाच्या तरी हाती लागेल म्हणून माझ्याकडून तीनदा म्हणवून घेऊन पाठ केला.