मोहरीचा झणका आणि फ्लॉवरमधली अळी

मैत्रिणींनो, गेल्या शनिवारी मंडईत आमच्या नेहमीच्या भाजीवाल्या मावशींशी माझी थोडी खडाजंगीच झाली. आदल्या आठवड्यात त्यांच्याकडून आणलेल्या फ्लॉवरमध्ये चांगली टपोरी हिरवी अळी निघाली होती, आणि तीही नेमकी पाहुण्यांसमोर! "मावशी, आज एकही डाग नसलेला गड्डा द्या बघू," मी फणकाऱ्यानं म्हटलं.

त्या शांतपणे म्हणाल्या, "देते की ताई. पन डाग नसलेला गड्डा आपोआप येत न्हाई. सारखा फवारा मारावा लागतो. आनि इतकं करून बी मेली अळी मरत न्हाई!"

फवारा मारूनही अळी मरत नाही? असं कसं? हा प्रश्न डोक्यात घेऊनच घरी आले. संध्याकाळी काकडीच्या कोशिंबिरीसाठी मोहरी फेसायला घेतली. झणका असा नाकात गेला, की डोळ्यांतून घळाघळा पाणी! त्यानंतर चार दिवस या विषयावर जे मिळालं ते वाचून काढलं, तेव्हा कळलं, की मावशींच्या कोड्याची किल्ली त्या फेसलेल्या मोहरीच्या वाटीतच होती.

हा झणका कुणासाठी?

मोहरी, कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा ही सारी एकाच कुळातली भावंडं. अख्खी मोहरी डब्यात महिनोन्‌महिने असते, पण नाकाला पत्ता नसतो. पाणी घालून फेसली की मात्र झणका सुटतो. असं का बरं?

आपण विडा लावतो ना, तसंच हे. चुना आणि कात वेगवेगळे आहेत तोवर काही नाही. एकत्र चावले की तोंड लाल! मोहरीच्या दाण्यातही दोन पदार्थ वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले असतात. एक ग्लुकोसिनोलेट आणि दुसरं मायरोसिनेज नावाचं विकर. दाणा फुटला, पान चावलं गेलं, की दोघांची गाठ पडते आणि तो जळजळीत पदार्थ तयार होतो. कच्च्या कोबीचा उग्रपणाही त्यातलाच. हे विकर उष्णतेनं निकामी होतं, म्हणून तर फोडणीतली मोहरी नाकात जात नाही. (जाता जाता सांगते, मोहरी फेसताना गरम पाणी कधी घालू नका. गारच घ्या, आणि पाच-दहा मिनिटं झाकून ठेवा.)

आता आपल्याला वाटतं, हा झणका देवानं आपल्या लोणच्यासाठीच दिला! पण झाडाच्या दृष्टीनं ते हत्यार आहे. बिचाऱ्या झाडाला ना पळता येत, ना ओरडता येत. पान कुरतडणाऱ्याच्या तोंडातच जाळ करायचा, हा त्याचा बचाव. आणि बहुतेक किडे खरोखरच या कुळाच्या वाटेला जात नाहीत.

पण काही महाभाग जातातच!

कोबी-फ्लॉवरवरची आपल्याकडची मुख्य कीड म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पतंग. त्याची हिरवी अळी हे सारं मजेत खाते. युरोपातल्या कोबीवर पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्या अशाच तुटून पडतात. नेदरलँड्समधले शास्त्रज्ञ एदुआर्ड फेर्शाफेल्ट यांनी १९१० साली एक गमतीचा प्रयोग केला. ही अळी एरवी ज्या पानांना तोंड लावत नाही, त्यांना त्यांनी मोहरीतला तो पदार्थ लावला. अळीनं ती पानं खायला सुरुवात केली! म्हणजे इतरांना जे विष, तेच हिला जेवायला बसल्याची घंटा.

हे तिला पचतं कसं, याचा उलगडा जर्मनीतल्या येना शहरातल्या माक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केला. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीजवळ असं विकर आहे, की ते ग्लुकोसिनोलेटचा एक तुकडा आधीच तोडून टाकतं. हे २००२ साली कळलं. म्हणजे चुना लागण्याआधीच कात पळवला. आता विडा रंगणार कसा? पांढऱ्या फुलपाखराची युक्ती आणखी वेगळी. ती २००४ साली उघड झाली. तिथे दोन पदार्थांची गाठ पडते, पण अळीच्या पोटातलं एक प्रथिन मध्येच वाट वळवतं आणि जळजळीत पदार्थाऐवजी बराच सौम्य पदार्थ तयार होतो.

पाककृतीची वही

ही युक्ती अळीला शिकवली कुणी? कुणीच नाही. ती तिच्या जनुकांत लिहिलेली असते. आजीचं नाक नातीला येतं ना, तशीच.

जनुक म्हणजे पाककृतीच्या वहीतलं एक पान समजा. सासूबाईंची वही सुनेनं उतरवून घेतली, सुनेची तिच्या मुलीनं. उतरवताना कधी एखादा शब्द चुकतो. कधी एकच पाककृती चुकून दोनदा लिहिली जाते. मग एक प्रत तशीच राहते आणि दुसरीत फेरफार झाला तरी घर उपाशी राहत नाही. अशा हजार फेरफारांतला एखादा उपयोगी ठरतो. ज्या अळीच्या वहीत तो असतो, ती जगते, तिचीच पिल्लं वाढतात.

झाडांच्या वहीतही हेच चालतं. अळी सरावली, की ज्या झाडात थोडा नवा झणका असेल ते तगतं. मग पुन्हा अळीची पाळी. पॉल अर्लिक आणि पीटर रेव्हन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी फुलपाखरं आणि झाडं यांची ही चढाओढ १९६४ साली मांडली. पुढे २०१५ साली जनुकांच्या अभ्यासातून दिसलं, की मोहरीचं कूळ आणि पांढऱ्या फुलपाखरांचं कूळ या दोघांनीही मोठ्या उड्या मारल्या त्या अशा दोनदा उतरलेल्या पानांच्या जोरावरच. कोट्यवधी वर्षांचं हे भांडण आहे, मैत्रिणींनो!

आणि आपला फवारा?

आता मावशींच्या कोड्याकडे येऊ. कोट्यवधी वर्षं विषं पचवायला शिकलेल्या घराण्यापुढे आपण एकच औषध घेऊन उभे राहतो. शेतातल्या हजारो अळ्यांपैकी एखाददुसरीच्या वहीत त्याचाही तोड असतो. बाकीच्या मरतात, ती उरते. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी, आणि पतंगाची एकेक मादी शंभराहून अधिक अंडी घालते. मग काय विचारता! याच पतंगानं जावामध्ये १९५३ सालीच डीडीटीला दाद देणं सोडलं होतं. हवाई बेटांवर १९९० साली बीटी या जिवाणूच्या औषधालाही तो पुरून उरल्याचं दिसलं. शिवाय फवाऱ्यानं त्याच्या अळीत अंडी घालून तिला मारणारी चिमुकली गांधीलमाशी मात्र मरते.

आणि हे कोबीपुरतंच नाही. २०१७ साली विदर्भात बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळीनं जो धुमाकूळ घातला, त्यामागेही सरावलेली अळीच होती. कित्येक घरांचं वर्ष त्यात गेलं.

म्हणून जाणते लोक आता हत्यारं पालटत वापरा म्हणतात. एक युक्ती तर मला फारच आवडली. कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या २ ओळी लावायच्या. मोहरीचा वास पतंगाला अधिक ओढतो, अंडी तिथेच पडतात, आणि फवारा लागलाच तर त्या दोन ओळींवर पुरतो. पाहिलंत? झाडाचं हत्यारच आमिष झालं!

आपल्या हातात काय?

शेत आपल्या हातात नसलं, तरी पिशवी आहे. बाहेरच्या पानांना चार भोकं असलेला गड्डा नाकारू नका. ती पानं काढून टाका. फ्लॉवरचे तुरे मोकळे करा, मीठ-हळद घातलेल्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. लपलेली अळी बाहेर येते. मग वाहत्या पाण्याखाली दोनदा धुवा. अळी डोळ्यांना दिसते, काढता येते. फवारा दिसत नाही, आणि सगळाच धुऊन जातो असंही नाही.

परवा पुन्हा मंडईत गेले होते. मावशींनी लगबगीनं पांढराशुभ्र गड्डा पुढे केला. मी म्हटलं, "राहू द्या मावशी, तो भोकांचा द्या." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. घरी येऊन पाण्यात टाकला, तर एक हिरवी अळी वर आली. या वेळी मात्र मी किंचाळले नाही. एवढ्या जुन्या घराण्याची पाहुणी, तिला अलगद उचलून बाहेरच्या कुंडीत सोडून दिलं!