आधी हात, मग अक्षर

अहिल्यानगर शहरातून मनमाड रस्त्याने सीना नदी ओलांडली की नागापूर लागतं आणि एमआयडीसीचा परिसर सुरू होतो. कारखान्यांत पाळीवर जाणारी माणसं, भाड्याच्या खोल्या आणि घरात अडीच-तीन वर्षांचं मूल. अशा वस्तीत बालवाडीची चौकशी करताना आईवडील हमखास विचारतात, ‘लिहायला कधीपासून शिकवता?’ या प्रश्नामागची तळमळ खरी आहे. पोटाला चिमटा काढून फी भरणाऱ्याला वहीत काहीतरी उमटलेलं दिसायला हवं असतं. पण बालविकासाचं शास्त्र या वयात वहीपेक्षा हाताकडे बघायला सांगतं.

आपल्या मनगटात आठ लहान हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा ती कूर्चेची असतात, त्यामुळे एक्स-रेमध्ये दिसतच नाहीत. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास जेमतेम तीन-चार दिसू लागतात आणि वाटाण्याएवढं शेवटचं हाड तर आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान कधीतरी दिसतं. हाडांपेक्षाही महत्त्वाचा आहे तो बोटांच्या बारीक स्नायूंवरचा ताबा. तो एकदम येत नाही. कणीक मळणं, शेंगा सोलणं, मणी ओवणं, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावणं अशा कामांतून तो येत जातो. वाइल्डर पेनफिल्ड या मेंदूशल्यविशारदांनी विसाव्या शतकात मेंदूतल्या स्पर्शाचा आणि हालचालीचा नकाशा मांडला. त्यात अख्ख्या पाठीला चिंचोळी पट्टी मिळालेली दिसते आणि हाताला व बोटांना भलीमोठी जागा. तीन वर्षांच्या मुलाला रोज पानभर ‘अ’ गिरवायला लावलं की एवढ्या मोठ्या यंत्रणेच्या वाट्याला एकच हालचाल येते, तीही दुखऱ्या बोटांनी.

नागापूरच्या घरात सहज सापडणारी वस्तू घेऊ: नट आणि बोल्ट. तेल-ग्रीस धुऊन काढलेले, धार नसलेले, तोंडात जाणार नाहीत इतके मोठे, वेगवेगळ्या मापांचे पाच बोल्ट आणि त्यांचे पाच नट थाळीत मिसळून चार वर्षांच्या मुलीपुढे ठेवावेत आणि आपण गप्प बसावं. पहिला नट ती नुसता दाबून बसवायला बघते. मग फिरवते, पण उलट्या बाजूला, आणि नट निसटतो. दुसऱ्या बोल्टवर तो सैल पडून आरपार जातो. तिसऱ्याच्या टोकालाच अडतो. मग ती बोल्ट शेजारी शेजारी उभे करते, जाडी डोळ्यांनी जोखते आणि नट हातात धरून जराशी थांबते. हे थांबणं फार मोलाचं आहे. आतापर्यंत जे ती हातांनी करून बघत होती, ते आता मनात करून बघते आहे. एकाला एक जोडी, लहान-मोठ्याची क्रमवारी, फिरवण्याची दिशा हे सगळं गणित तिच्याकडून होऊन जातं, आणि ‘चुकलं’ असं कुणाला म्हणावं लागत नाही. नट बसला नाही, एवढं तिला पुरतं.

मारिया माँटेसोरी यांच्या लाकडी दट्ट्यांच्या पेटीत हेच तत्त्व आहे. दहा खाचा, दहा दट्टे. बारीक दट्ट्या मोठ्या खाचेत गेला, तर शेवटी एक जाड दट्ट्या हातात उरतो, आणि मूल आपण होऊन मागे जातं. आज माँटेसोरी हे नाव महागड्या शाळांच्या पाट्यांवर दिसतं, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांचं पहिलं बालगृह उघडलं ते रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब मजूरवस्तीत. आईबाप कामावर गेले की मुलं इमारतीत हुंदडायची, भिंती खराब करायची, म्हणून इमारतवाल्यांनी त्यांना एका खोलीत सांभाळायची सोय केली आणि ते काम या डॉक्टर बाईंवर सोपवलं. कामगारांच्या वस्तीत जन्मलेली ही पद्धत कामगारांच्या मुलांना परवडू नये, हे मला फार खटकतं.

महाराष्ट्रात ती परवडेल अशी करून दाखवली दोन बायकांनी. ताराबाई मोडक राजकोटच्या अध्यापन महाविद्यालयाचं प्राचार्यपद सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात काम करायला गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. १९४५ मध्ये ताराबाईंनी त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. लहानपणीच वैधव्य आलेल्या, कष्टाने शिकलेल्या अनुताईंनी पुढचं सगळं आयुष्य या कामाला दिलं. परदेशी साहित्य विकत घेण्याइतका पैसा तिथे नव्हता. समुद्रकिनारा मात्र होता. शंख-शिंपले, बिया, पानं, दगड यांतून मोजणं, लावणं, वर्गवारी करणं, पोत ओळखणं सुरू झालं.

वाड्या-पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबादच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू झालं. तिथली मुलं दिवसभर गुरांमागे असायची, म्हणून शाळा कुरणात भरवली. तिचं नावही कुरणशाळा. मोठ्या बहिणीला धाकटं भावंड सांभाळायचं असे, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी केली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. गावोगावच्या अंगणवाड्यांत ते नाव आजही आहे. अंगणातली ती करून बघण्याची रीत मात्र पुष्कळ ठिकाणी हरवली.

या दोघींनी निरीक्षणातून जे ओळखलं होतं, त्याची तपासणी अलीकडे प्रयोगशाळेत झाली. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार आवडतो. नळ्यांचं एक अनोळखी खेळणं. एक नळी ओढली की चूं आवाज, एकीकडे दडलेला दिवा, एकीकडे सूर, एकीत उलटी प्रतिमा दाखवणारा आरसा. काही मुलांना मोठ्या माणसाने ‘बघ, हे असं चालतं’ म्हणत फक्त चूं आवाज शिकवला. काहींपुढे तोच आवाज चुकून झाल्यासारखा केला. शिकवलेली मुलं तेवढंच करत राहिली आणि लवकर कंटाळली. बाकीची मुलं जास्त वेळ खेळली, बाकीच्या गमतीही त्यांना जास्त सापडल्या. मूल आपल्यावर किती विश्वास टाकतं ते यात दिसतं. बाईंनी एकच दाखवलं म्हणजे यात एवढंच असणार, असं ते धरून चालतं.

म्हणून मुलांना नुसतं मोकळं सोडायचं का? इथे बरेच उत्साही पालक आणि शाळाही घसरतात. केली फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये चार-पाच वर्षांच्या ७० मुलांना त्रिकोण, आयत, पंचकोन, षटकोन शिकवले. काहींना सरळ समजावून सांगितलं, काहींना आकार देऊन मोकळं सोडलं, आणि काहींबरोबर मोठं माणूस खेळात सामील होऊन विचारत राहिलं: ‘या सगळ्यांत सारखं काय आहे, शोधू या का?’ आडवा, लांबुळका, उलटा त्रिकोणही त्रिकोणच असतो, हे तिसऱ्या गटाला सगळ्यांत चांगलं कळलं आणि आठवड्यानंतरही लक्षात राहिलं.

त्याहून मोठा धडा दिल्लीचा. तिथल्या गरीब वस्त्यांतल्या ‘प्रथम’ संस्थेच्या २१४ बालवर्गांत दीड हजारांवर मुलांना संख्या आणि आकारांचे खेळ काही महिने दिले गेले. २०१७ साली आलेल्या निष्कर्षांनुसार मुलांची अंदाजाची, तुलनेची समज वाढली आणि वर्षभरानंतरही टिकली. पण पहिलीच्या वर्गातलं अंकांचं गणित त्याने सुधारलं नाही. खेळातली ‘पाच’ची जाण आणि फळ्यावरचा ५ यांच्यामध्ये पूल बांधावा लागतो, आणि तो आपोआप बांधला जात नाही. पाच चिंचोके मोजून झाल्यावर, मुलाचं लक्ष त्यांच्यावर असतानाच, शेजारी ५ लिहिलेली पाटी ठेवणारं माणूस लागतं. ती वेळ ओळखायची तर मुलाकडे बघत बसावं लागतं. बालकेंद्री शिक्षणात मोठ्यांचं काम कमी होतं हा गैरसमज आहे. उलट ते वाढतं.

आणि आपल्या अंगणवाडीत सेविकेकडे मुलाकडे बघत बसायला वेळ आहे का? वजनं, खाऊ, रजिस्टर, मोबाइलमध्ये भरायची माहिती, लसीकरण, गृहभेटी, आणि यात बसवायचं बालशिक्षण. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला, खेळातून शिकण्याचं तत्त्वही कागदावर पक्कं केलं. माझ्या मते अडचण तत्त्वाची उरलेली नाही, हातांच्या संख्येची आहे. तमिळनाडूत ३२० अंगणवाड्यांवर झालेल्या अभ्यासात काही केंद्रांना अर्ध्या वेळेची एक जादा कार्यकर्ती दिली. तिच्याकडे फक्त बालशिक्षण होतं. प्रत्यक्ष शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, दीड वर्षात मुलांची भाषा आणि गणित सुधारलं, आणि मूळच्या सेविकेला पोषणाकडे बघायला सवड मिळाल्यामुळे खुंटलेल्या वाढीचं आणि तीव्र कुपोषणाचं प्रमाणही घटलं.

नागापूर-बोल्हेगावसारख्या परिसरात दोन्ही पालक कामावर जाणारी घरं वाढत आहेत. इथल्या अंगणवाड्यांना अशी दुसरी ताई मिळावी, ही मागणी पालकांनी आणि नगरसेवकांनी लावून धरायला हवी. आणि तोवर बालवाडीत चौकशीला गेल्यावर लिहिण्याचं विचारण्याआधी, मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर काय काय ठेवलंय, तेवढं बघून यावं.